सात सह्या, एकवीस सभासद, बत्तीस जणांचा पाठिंबा: युनियन काढायला माणसं नेमकी किती लागतात?

कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावच्या एका फौंड्रीतल्या, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यातल्या, कामगाराने विचारलं आहे: "आमच्याकडे पर्मनंट ६२, ठेकेदाराकडचे साधारण १४० आणि अप्रेंटिस १८ आहेत. आम्ही नऊ जण युनियन काढायला तयार आहोत. सात जण असले की युनियन होते असं सगळेच सांगतात. मग आमची नोंदणी होईल ना? मालकाला कळायच्या आत उरकायची आहे."

आधी उत्तर सांगतो, मग कारणं. नऊ जणांच्या सह्यांवर अर्ज करता येतो. नोंदणी मिळायला मात्र नऊ सभासद पुरणार नाहीत. तुमच्या कारखान्याचा आकडा माझ्या हिशोबाने एकवीसवर जातो. आणि नोंदणीनंतर मालकाने पगारवाढीच्या करारासाठी समोर बसावं अशी अपेक्षा असेल, तर पर्मनंटपैकी बत्तीस जण तुमच्या बाजूला असायला हवेत. हे तीन आकडे तीन वेगळ्या कामांचे आहेत. आपल्याकडे शिरोली असो, उद्यमनगर असो की कागलची पंचतारांकित एमआयडीसी, हे तिन्ही एकच समजून घाई करणारे लोक मी कायम बघतो.

सातचा आकडा आला कुठून ते थोडक्यात सांगतो, कारण गोंधळाचं मूळ तिथे आहे. मद्रासच्या बकिंगहॅम अँड कर्नाटिक मिलच्या संपात युनियनच्या पुढाऱ्यांवर नुकसानभरपाईचा दावा लागला आणि हायकोर्टाने मनाई हुकूम दिला. युनियनला कायद्याचं काही कवच नाही हे तेव्हा उघड झालं. आपल्या रायगडकडचे कामगार नेते ना. म. जोशी यांनी १९२१ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात युनियनच्या नोंदणीसाठी आणि संरक्षणासाठी कायदा करा, असा ठराव मांडला. १९२६ चा ट्रेड युनियन कायदा त्यातून आला आणि १ जून १९२७ पासून लागू झाला. त्यात 'सात किंवा अधिक सभासद' अर्ज करू शकतात असं होतं. विलायतेत १८७१ च्या कायद्यातही सातच होते, तिथलंच हे उचललेलं. पुढची पंचाहत्तर वर्षं कारखान्यात दोन हजार कामगार असले तरी सात जणांनी अर्ज करावा आणि नोंदणी घेऊन यावं असं चालत राहिलं. एका गेटवर चार-चार युनियनचे फलक लागायचे ते त्यामुळे. अध्यक्षाशी भांडण झालं की सात जण घेऊन बाहेर पडायचं आणि नवा झेंडा लावायचा.

हे थांबवायला २००१ मध्ये दुरुस्ती झाली आणि जानेवारी २००२ पासून ती अमलात आली. अर्ज करणारे सात तसेच राहिले, पण नोंदणीसाठी दुसरी अट आली: ज्या आस्थापनेशी किंवा उद्योगाशी युनियन संबंधित आहे, तिथल्या कामगारांपैकी किमान १० टक्के किंवा १०० जण, यापैकी जो आकडा कमी असेल तेवढे, अर्जाच्या तारखेला युनियनचे सभासद असले पाहिजेत. आता १९२६ चा कायदाच राहिलेला नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू झाली आणि ट्रेड युनियन कायदा, १९४६ चा स्थायी आदेश कायदा आणि १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा असे तिन्ही तिच्यात सामावले गेले. पण युनियनच्या नोंदणीचा आकडा संहितेने बदललेला नाही. सात अर्जदार, १० टक्के किंवा १०० सभासद, आणि कुठल्याही परिस्थितीत सातच्या खाली नाही, हे तसंच आहे. जुन्या कायद्याखाली नोंदणी झालेल्या युनियन संहितेखालीही नोंदलेल्याच मानल्या जातात. त्यांनी आपली घटना, म्हणजे युनियनची नियमावली, संहितेप्रमाणे अद्ययावत केल्याचं निबंधकाला, म्हणजे नोंदणी करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याला, कळवायचं असतं. तुमच्या ओळखीच्या जुन्या युनियनवाल्यांनी हे केलं आहे का, जमलं तर विचारा. बरेच जण विसरलेत.

सोप्या भाषेत: कारखान्यात सत्तरपर्यंत कामगार असतील तर सात सभासद पुरतात. सत्तरच्या वर एक हजारापर्यंत दहा टक्के मोजायचे. हजाराच्या पुढे कितीही असोत, शंभर पुरे.

आता तुमच्या कारखान्याचं बघू. खरी मारामारी इथेच होते. दहा टक्के म्हणजे कशाचे दहा टक्के?

तुम्ही ६२ चे दहा टक्के धरलेत, म्हणजे ६.२, म्हणून सात, आणि आपण तर नऊ आहोत. पण कायद्यात 'पर्मनंट' हा शब्द नाही. युनियनच्या नोंदणीपुरती 'कामगार' ही व्याख्या मुद्दाम रुंद ठेवलेली आहे: त्या उद्योगात कामाला असलेले सगळे. तुमच्या फेटलिंगला (ओतीव भागांची सफाई) आणि नॉकआऊटला (साच्यातून भाग सोडवणं) असलेली ठेकेदाराची पोरं त्याच छपराखाली, त्याच भट्टीच्या धगीत काम करतात. ती या मोजणीतून बाहेर जातात असं मला तरी कुठे दिसत नाही. त्यांना धरलं तर ६२ अधिक १४०, म्हणजे २०२. त्याचे दहा टक्के २०.२. वीस सभासद असले तर ते दहा टक्क्यांच्या किंचित खाली राहतात, म्हणून एकवीस.

अठरा अप्रेंटिस मी सोडून दिले. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली रीतसर करार झालेला मुलगा कायद्याच्या नजरेत प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नसतो. पण नुसतं 'ट्रेनी' असं कंपनीच्या लेटरहेडवर लिहून दिलेलं असेल, अप्रेंटिसचा नोंदवलेला करार नसेल आणि पोरगं तीन पाळ्यांत उत्पादनालाच असेल, तर तो कामगारच आहे असं म्हणायला जागा आहे. त्या अठरांकडे कुठला कागद आहे तो एकदा डोळ्यांनी बघा. ते अठराही धरावे लागले तर एकूण २२० आणि सभासद बावीस.

मालकांची एक गंमत सांगतो. ठेकेदाराच्या माणसाने बोनस मागितला की साहेब म्हणतात, "तो आमचा माणूसच नाही." त्याच कारखान्यात युनियनचा अर्ज पडला की तेच साहेब कामगार खात्याला लिहून देतात, आमच्याकडे दोनशेच्या वर कामगार आहेत, या लोकांचे दहा टक्के भरत नाहीत. असं पत्र आलं तर त्याची प्रत मिळवून जपून ठेवा. ठेका कामगारांच्या भांडणात पुढे कधीतरी कामाला येते.

म्हणून माझा सल्ला असा की मोठा आकडा धरा. ठेकेदाराची माणसं आज १४० आहेत, ऑर्डर वाढली की १७० होतील. मग तुमचे एकवीस अपुरे पडतील, चोवीस लागतील. अर्जाच्या दिवशी तीस सभासद हातात असतील तर कोणी काही म्हणू शकत नाही. आणि त्या तिसांत ठेक्यावरचे आठ-दहा असू द्या. नुसत्या पर्मनंटची युनियन काढून ठेक्यावरच्यांना गेटबाहेर ठेवणारे आपल्या भागात पुष्कळ आहेत. मला ते आधीपासून पटत नाही. संप झाला तर भट्टी चालू ठेवायला मालक कोणाला बोलावणार आहे, याचा विचार केला तरी पुरे.

दुसरा रस्ताही आहे. कायदा 'आस्थापना किंवा उद्योग' म्हणतो. तुम्ही एकाच कारखान्याची युनियन न काढता 'कोल्हापूर जिल्ह्यातील इंजिनिअरिंग व फौंड्री कामगार' अशा व्याप्तीची घटना केली, तर तुमचा उद्योग हजारो कामगारांचा होतो आणि तिथे शंभर सभासदांची अट लागते. गोकुळ शिरगाव, शिरोली, कागल मिळून दहा कारखान्यांतले दहा-दहा जण जमवणं एकाच गेटवर तीस जमवण्यापेक्षा सोपं की अवघड, हे तुमच्या ओळखीपाळखीवर आहे. फायदा असा की सभासद शंभराच्या थोडे वर ठेवलेत तर कुठल्याही एका मालकाने दोन-चार जणांना घरी बसवलं तरी नोंदणी हलत नाही. तोटा असा की करार शेवटी कारखान्यागणिकच होतो, आणि तिथे त्या कारखान्यातलं तुमचं बळ मोजलं जातं. जिल्ह्यात शंभर आहेत पण या गेटवर चारच आहेत, अशा युनियनला मालक चहासुद्धा विचारत नाही.

काही धंद्यांत मात्र दुसरा इलाजच नाही. इचलकरंजीला एकेका शेडमध्ये चार-सहा यंत्रमाग कामगार असतात. तिथे कारखानावार युनियन काढायची म्हटलं तर किमान सातच भरत नाहीत. हुपरीत चांदीचं काम घरोघरी चालतं, तिथेही तेच. त्यामुळे यंत्रमाग कामगार, घरेलू कामगार, बांधकाम कामगार यांच्या युनियन गावाच्या किंवा जिल्ह्याच्या व्याप्तीच्याच असतात. असंघटित कामगारांना नोंदणीच्या व्याख्येत कायद्याने नावानिशी घेतलेलं आहे, त्यामुळे ठराविक मालक दाखवता येत नाही म्हणून कोणी अर्ज परत करत असेल तर ऐकू नका.

आणि तुमच्या नातेवाइकांपैकी कोणी साखर कारखान्यात असेल, तर इथलं सगळं त्याला जसंच्या तसं सांगू नका. साखर धंद्याला १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा लागतो, तिथे 'प्रातिनिधिक संघ' म्हणून नोंदणीसाठी त्या क्षेत्रातल्या त्या उद्योगाचे २५ टक्के कामगार सलग तीन महिने सभासद असावे लागतात. तो वेगळा संसार आहे.

आता कागद. आकडा जमवणं लोक मनावर घेतात, कागद मात्र कोणी मनावर घेत नाही.

सभासद म्हणजे गेट मीटिंगला हात वर करणारा नव्हे. सभासद म्हणजे ज्याचा सहीचा अर्ज आहे, वर्गणीची पावती आहे आणि सभासद रजिस्टरला नोंद आहे तो. या तिन्हींवर एकच नाव, एकच टोकन नंबर हवा. मस्टरवर, म्हणजे कारखान्याच्या हजेरीपटावर, असतं 'बाळासाहेब दत्तात्रय' आणि आपल्या पावतीवर 'बाळू, मोल्डिंग'. तपासणारा अधिकारी कितीही सज्जन असला तरी तो बाळू हाच बाळासाहेब कसा, हे त्याने कशावरून मानायचं? पगारपत्रकावर आहे तसंच पूर्ण नाव, टोकन नंबर, खातं आणि कामाचं ठिकाण लिहा. ठेक्यावरचा असेल तर ठेकेदाराचं नावही लिहा.

एका पडताळणीत मी समोर बसलो होतो. पावती पुस्तकं टेबलावर आली. सहा महिन्यांच्या पावत्या होत्या, पण एकाच हाताच्या, एकाच निळ्या शाईच्या, आणि पुस्तकांचे कोपरे कोरे करकरीत. भट्टीखात्यात महिनोन्महिने फिरलेल्या पुस्तकाला काळा अंगठा लागल्याशिवाय राहतो का? अधिकाऱ्याने पहिलं पुस्तक उघडलं, नखाने कार्बनची प्रत खरवडली, आणि मधल्या एका महिन्याच्या पावत्यांचा अनुक्रमांक आधीच्या महिन्याच्या मागे कसा गेला एवढंच विचारलं. कोणालाच उत्तर देता आलं नाही. त्या युनियनकडे माणसं खरी होती, त्यांनी वर्गणीही खरी दिली होती, पण खजिनदाराने ती वहीत टिपून ठेवली आणि पावत्या शेवटच्या आठवड्यात एका बैठकीत फाडल्या. सहा महिन्यांचं काम त्या दुपारी पाण्यात गेलं. म्हणून पहिल्या दिवसापासून छापील, अनुक्रमांकाचं पावती पुस्तक घ्या. वर्गणी घेतली की तिथल्या तिथे पावती फाडा. जमलेले पैसे त्याच आठवड्यात युनियनच्या खात्यात भरा. बँक खातं उघडेपर्यंत रोजकीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, ठेवा.

वर्गणी किती, याला जुन्या कायद्यात किमान मर्यादा होती: संघटित उद्योगात वर्षाला १२ रुपये, असंघटितांना ३ आणि ग्रामीण कामगारांना १ रुपया. संहितेत हा आकडा नियमांवर सोडलेला आहे. प्रत्यक्षात कोणतीही चालती युनियन याच्या कितीतरी पट वर्गणी घेते, त्यामुळे ती चिंता करू नका.

अर्जासोबत काय लागतं? सर्वसाधारण सभेचा ठराव, युनियनची घटना, घटना स्वीकारल्याची नोंद, अर्जदारांची नावं, काम आणि कामाचं ठिकाण, पदाधिकाऱ्यांची नावं, वय, पत्ते, आणि प्रतिज्ञापत्र. अर्जाचा नमुना जिल्ह्याच्या कामगार कार्यालयातून नवाच घ्या. कुणाकडून जुन्या कायद्याच्या अर्जाची झेरॉक्स आणून भरू नका. नाव निवडताना आधीच नोंदलेल्या युनियनशी मिळतंजुळतं नको, नाहीतर निबंधक ते बदलून आणायला सांगतो. घटनेचा मसुदा कुणाचा तरी उचलायला हरकत नाही, सगळेच उचलतात. पण सभासद कोण होऊ शकतो हे कलम नीट वाचा. तिथे 'कंपनीचे कायम कामगार' असं राहून गेलं, तर ठेक्यावरचे तुमचे आठ-दहा सभासद घटनेबाहेर जातात आणि मोजणीतूनही जातात.

'मालकाला कळायच्या आत' हे जे तुम्ही लिहिलंत, त्याबद्दल. अर्ज जाईपर्यंत गुप्तता पाळा, ती शहाणपणाची आहे. नंतर ती टिकेल या भरवशावर राहू नका. एकूण कामगार किती हे पडताळायला खातं कारखान्याला विचारू शकतं, आणि तसंही गोकुळ शिरगावच्या चहाच्या गाड्यावर कुठली गोष्ट दोन दिवस गुप्त राहिली आहे? अर्ज दिलात की पोच घ्या, तारीख-शिक्क्याची. पुढे कोणाला काढलं तर "अर्जानंतर चार दिवसांत काढलं" हे सांगायला ती तारीखच उपयोगी पडते.

नोंदणी झाल्यावर आकडा संपला असं समजू नका. १० टक्के किंवा १०० ची अट सतत पाळायची आहे. सभासदसंख्या खाली गेली तर निबंधक नोंदणी रद्द करू शकतो. आधी लेखी नोटीस येते, साठ दिवसांची, कारण नमूद केलेली. म्हणजे सावरायला वेळ मिळतो. तुमच्या बाबतीत धोका ठेकेदार बदलण्याचा आहे. जुना ठेकेदार गेला, नव्याने आपली माणसं आणली, की तुमचे ठेक्यावरचे सभासद एका दिवसात कमी झाले. तीस जमवा म्हणतो ते त्यासाठीच. वार्षिक विवरणपत्र वेळेवर द्या. त्यात सभासदसंख्या असते, आणि ते न देणाऱ्या युनियन आपण होऊन नोटिशीला आमंत्रण देतात.

पदाधिकाऱ्यांचं झटपट सांगतो. संघटित उद्योगात बाहेरची माणसं एकूण पदाधिकाऱ्यांच्या एक तृतीयांश किंवा पाच, यात जे कमी असेल तेवढीच. कार्यकारिणी सातची केलीत तर बाहेरचे दोनच. असंघटित क्षेत्रात निम्म्यापर्यंत चालतात. तुमच्याच कारखान्यातून रिटायर झालेला किंवा कामगारकपातीत गेलेला माणूस 'बाहेरचा' धरला जात नाही, ही सवलत लक्षात ठेवा. जुन्या जाणत्या माणसाला घ्यायला ती बरी पडते. पदाधिकारी अठरा वर्षांचा हवा. आणि अध्यक्ष म्हणून वजनदार माणूस हवा म्हणून कोणाच्या तरी बंगल्यावर जायचा तुमचा विचार असेल, तर आमदार चालतो, मंत्री चालत नाही. कायद्यातच मनाई आहे. आपल्या जिल्ह्यात आमदाराचा मंत्री व्हायला वेळ लागत नाही, तेव्हा मी तर म्हणतो अध्यक्ष खात्यातलाच करा.

आता बत्तीसकडे येऊ. नोंदणी म्हणजे युनियनला कायदेशीर अस्तित्व: स्वतःच्या नावाने दावा लावता येतो, मालमत्ता घेता येते, युनियनच्या कामासाठी पदाधिकाऱ्यांना काही दिवाणी-फौजदारी संरक्षण मिळतं. मालकाने तुमच्याशीच बोललं पाहिजे असा अर्थ त्यातून निघत नाही. संघटना काढणं हा भारताच्या राज्यघटनेच्या कलम १९(१)(ग) चा मूलभूत हक्क आहे. पण त्या हक्कात मालकाला वाटाघाटीला बसवण्याचा हक्क आपोआप येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने बँक कर्मचाऱ्यांच्या खटल्यात १९६१ मध्येच सांगून ठेवलं आहे.

ती जागा संहितेच्या कलम १४ ने भरली. कारखान्यात एकच नोंदणीकृत युनियन असेल, तर सरकारने ठरवलेल्या निकषांत बसल्यावर तीच वाटाघाटीची युनियन. एकापेक्षा जास्त असतील, तर मस्टरवरच्या कामगारांपैकी ५१ टक्के किंवा अधिक जिच्या मागे आहेत ती. कोणाकडेच ५१ नसतील तर वाटाघाटी परिषद होते, आणि किमान २० टक्के पाठिंबा असलेल्या युनियनला दर २० टक्क्यांमागे एक प्रतिनिधी मिळतो. ही मान्यता तीन वर्षांची, दोघांच्या संमतीने पाचपर्यंत.

'मस्टरवरचे' हे इथे बघा. नोंदणीच्या वेळी आपण २०२ मोजले, पण कारखान्याच्या मस्टरवर तुमचे ६२ असणार, ठेकेदाराची माणसं त्याच्या स्वतःच्या रजिस्टरला. ६२ चे ५१ टक्के ३१.६२, म्हणजे बत्तीस. तुम्ही म्हणाल आमची एकच युनियन आहे, मग ५१ कशाला? कारण तुमची नोंदणी झाली की सहा महिन्यांत दुसरी उभी राहते. साहेबांचा माणूस, साहेबांच्या खर्चाने. मालकाने युनियनला पैसे पुरवणं ही अनुचित कामगार प्रथा आहे, पण ती सिद्ध करेपर्यंत करार त्या युनियनशी होऊनही जातो. बत्तीस जण आधीच तुमच्याकडे असतील तर दुसऱ्याला तिथे पाय रोवायला जागा राहत नाही.

महाराष्ट्रात आणखी एक कायदा आहे: १९७१ चा, ज्याला सगळे एमआरटीयू-पल्प म्हणतात. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कारखान्यात, अर्जाच्या आधीच्या सलग सहा महिन्यांत ३० टक्के सभासद असलेल्या युनियनला औद्योगिक न्यायालयाकडून मान्यता मागता येते. ६२ चे तीस टक्के म्हणजे एकोणीस. तिथे सभासदाची मासिक वर्गणी किमान ५० पैसे हवी, आणि सहा महिन्यांत तीन महिन्यांपेक्षा जास्त थकबाकी असलेला माणूस सभासद धरला जात नाही. शिवाय कार्यकारिणीच्या बैठका तीन महिन्यांच्या आत, ठरावांची मिनिट बुकात नोंद, वर्षाला हिशोब तपासणी. संहितेने जे तीन केंद्रीय कायदे रद्द केले त्यांत हा राज्याचा कायदा नाही. दोन्हींचा मेळ कुठे कसा घालायचा यावर वकील लोक पुढची काही वर्षं भांडणार आहेत. तुम्ही कठीण परीक्षा धरून चाला: बत्तीस माणसं, आणि सहा महिन्यांच्या नियमित पावत्या. कुठल्याही दारात तेवढं पुरेल.

काढून टाकतील ही भीती खरी आहे, ती उगाच उडवून लावणार नाही. युनियन काढली म्हणून कामावरून कमी करणं, धमकावणं, दूरच्या खात्यात टाकणं या अनुचित प्रथा आहेत. १९७१ च्या कायद्याखाली अशा तक्रारीला तो प्रकार घडल्यापासून ९० दिवसांची मुदत आहे, ती चुकवू नका. "साहेब बघू म्हणालेत" या आशेवर लोक चार महिने घालवतात आणि मग वकिलाकडे येतात. नोंदणी झाल्यावर पदाधिकाऱ्यांपैकी काहींना 'संरक्षित कामगार' म्हणून मान्यता मागा. एकूण कामगारांच्या एक टक्का, पण किमान पाच जणांना ती मिळते. तुमच्याकडे पाच. वाद प्रलंबित असताना त्यांना परवानगीशिवाय काढता येत नाही.

ठेक्यावरच्या सभासदांना मात्र हे स्पष्ट सांगा की त्यांचं संरक्षण तुमच्याइतकं पक्कं नाही. कल्याणी स्टील्स आणि सिप्ला या २००१ च्या दोन निकालांनंतर, "हा आमचा कामगारच नाही" असं मुख्य मालकाने म्हटलं आणि नातं वादात असलं, तर १९७१ च्या कायद्याखालची तक्रार तिथेच अडते. आधी नातं दुसऱ्या मार्गाने सिद्ध करावं लागतं. म्हणून त्यांच्यापैकी कोणाला पहिल्या सात अर्जदारांत घालू नका. अर्जावर तुमची पर्मनंटची नावं, त्यांची नावं सभासद रजिस्टरला. मोजणीत ते येतात, आणि पहिला वार त्यांच्यावर होत नाही.

तेव्हा येत्या रविवारी अर्ज लिहायला बसू नका. आधी मस्टरप्रमाणे खातेवार यादी करा: मोल्डिंग, कोअर शॉप, मेल्टिंग, फेटलिंग, मेंटेनन्स. प्रत्येक खात्यातून कोण येईल, कोण नक्की येणार नाही आणि कोण साहेबांना जाऊन सांगेल, असे तीन रकाने पाडा. पावती पुस्तक छापून घ्या. नऊ जणांनी आपापली वर्गणी भरून पहिल्या नऊ पावत्या स्वतःच्या फाडा, आणि प्रत्येकाने आपल्या पाळीतले तीन-चार जण आणा. तीस झाले की सर्वसाधारण सभा, ठराव, घटना आणि मग अर्ज. सभेच्या हजेरीवर प्रत्येकाची स्वतःची सही घ्या. अंगठा असेल तर शेजारी ओळखणाऱ्याची सही.